टीपीचे पुस्तक कुणाच्या हाती

आज २७ जानेवारी, मंगळवार. मंगळवारी ताडोबाची गेटे बंद असतात, त्यामुळे मोहर्लीला आज उशिरा जाग आली. काल प्रजासत्ताक दिन होता. जिल्ह्यातल्या गावागावांत झेंडावंदन झाले, ग्रामसभा बसल्या. सायंकाळची सफारी आटोपून जिप्स्या गेटबाहेर आल्या तेव्हा इरईच्या पाण्यावरून बोचरा वारा सुटला होता. एका होमस्टेच्या ओसरीवर नागपूरची पाच मुले दिव्याभोवती गोल करून बसली होती. वाघ दिसला की नाही, याची चर्चा त्यांच्यात अजिबात नव्हती. मधोमध एक दोनशे पानी वही, टोके मोडलेल्या पेन्सिली आणि कापडी पिशवीतून ओतलेले फासे पडले होते. त्यात चार बाजूंचा, आठ बाजूंचा, बारा बाजूंचा असे सगळे फासे होते, आणि वीस बाजूंचा एक, बोरासारखा गोल दिसणारा.

त्यांतला एक मुलगा सूत्रधार झाला होता. तो हळू आवाजात सांगत होता, "नाल्याच्या पलीकडं जांभळीखाली काहीतरी हललं. माकडं ओरडायची थांबली. तू काय करतोस?" समोरचा म्हणाला, "मी जागेवर थांबतो. वारा कुठून येतो ते बघतो." आणि त्याने वीस बाजूंचा फासा टाकला. सतरा पडले. पाचही जणांनी एकदम आरोळी ठोकली.

आम्ही वही मागून घेतली. खेळ मराठीत होता, मुलांनीच रचलेला. जंगल आमचेच, सागाचे, बांबूचे आणि मोहाचे. सोंगेही आमचीच: वैदू, वाटाड्या, बुरड, गोंड राजाचा शिलेदार. नियमांचा सांगाडा मात्र एका अमेरिकन प्रकाशकाचा. तो वापरायला परवानगी लागत नाही का, असे विचारल्यावर सूत्रधार म्हणाला, "नाही काका, ते सगळ्यांना खुलं आहे. म्हणजे, आता नक्की खुलं आहे." या 'आता नक्की'मध्ये जी हकीकत दडली आहे, तिला आज बरोबर तीन वर्षे होतात. ती चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाने वाचावी अशी आहे, म्हणून आजचा अग्रलेख तिच्यावर.

असल्या खेळाची ओळख झाडीपट्टीच्या माणसाला करून द्यायला फार वेळ लागत नाही. भातकापणी आणि दिवाळी सरली की वडसा-देसाईगंजहून नाटक कंपन्यांच्या गाड्या निघतात आणि गावोगाव रात्रभर पडदे उघडतात. त्या नाटकांच्याही आधीची आपली दंडार. कुणी सोंग घ्यावे, कुणी गण गावा, कुणी गावातल्या ताज्या भानगडीवर दोन वाक्ये जागच्या जागी घालावीत. दंडारीचा साचा कुणाच्या नावावर नाही. ज्या गावाला हौस आहे त्याने तो उचलावा आणि आपला रंग भरावा. टेबलावरचा हा खेळ असाच चालतो. सूत्रधार प्रसंग उभा करतो, खेळाडू आपापल्या सोंगाच्या तोंडून बोलतात, आणि जिथे यश-अपयशाचा प्रश्न येतो तिथे फासा निकाल देतो.

या प्रकारचा पहिला छापील खेळ 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी तो १९७४ साली आणला. पुढे त्यांची टीएसआर कंपनी डबघाईला आली, १९९७ मध्ये ती विझार्ड्स ऑफ द कोस्टने घेतली आणि १९९९ मध्ये विझार्ड्सलाच हॅस्ब्रो या खेळणी बनवणाऱ्या मोठ्या कंपनीने घेतले. टीएसआरच्या काळात कंपनीचा वकील हा बाहेरच्या खेळ लिहिणाऱ्यांचा कायमचा धसका होता. २००० साली विझार्ड्सचे रायन डॅन्सी यांनी हे उलटे करायचे ठरवले. त्यांचा हिशेब साधा होता: दुसऱ्यांनी आपल्या नियमांवर कथा, नकाशे, पुस्तके लिहिली तर मूळ पुस्तकाचाच खप वाढेल. त्यातून 'ओपन गेम लायसन्स' आले. नियमांचा मोठा भाग त्यात खुला केला. परवान्याचा कागद पान-दीड पानाचा. त्यात स्पष्ट लिहिले होते की परवाना कायमचा आहे, जगभर चालेल आणि त्यापोटी काही द्यावे लागणार नाही.

त्या कागदावर एक आख्खा धंदा उभा राहिला. एकेकट्या माणसांनी घरी बसून पुस्तके लिहिली, छोट्या कंपन्या निघाल्या, चित्रकारांना काम मिळाले. २००८ मध्ये विझार्ड्सने खेळाची चौथी आवृत्ती काढली आणि तिच्यासाठी वेगळा, आवळलेला परवाना आणला, तेव्हा पायझो या प्रकाशकाने जुन्या खुल्या नियमांवरच 'पाथफाइंडर' हा खेळ २००९ मध्ये उभा केला आणि तो चांगला चालला. प्रकाशकाने चूक ओळखली. पाचव्या आवृत्तीचे नियम २०१६ मध्ये पुन्हा त्याच जुन्या परवान्याखाली खुले झाले. लोकांची खात्री पटली की हा कागद आता हलत नाही.

जानेवारी २०२३ च्या पहिल्या आठवड्यात नव्या परवान्याचा मसुदा फुटला. त्यात म्हटले होते की जुना परवाना यापुढे 'अधिकृत' राहिलेला नाही. नव्या परवान्यात कामाची नोंद प्रकाशकाकडे करायची, वर्षाला ५० हजार डॉलरच्या वर मिळकत असेल तर ती कळवायची, आणि साडेसात लाख डॉलरच्या वरच्या मिळकतीवर २५ टक्क्यांपर्यंत वाटा द्यायचा. हा वाटा नफ्यातला नव्हता, एकूण विक्रीतला होता. पुस्तकाच्या धंद्यात कागद, छपाई आणि टपाल यांत पैसा कसा जातो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या आकड्याचा अर्थ कळेल. शिवाय, ३० दिवसांची सूचना देऊन प्रकाशकाला हाही परवाना बदलता येणार होता.

आता यातली मेख बघा. २००० सालच्या कागदात 'कायमचा' हा शब्द होता. 'मागे न घेता येणारा' हे शब्द नव्हते. दुसरे, नवव्या कलमात एक वाक्य होते की प्रकाशक परवान्याच्या सुधारित आवृत्त्या काढू शकेल आणि वापरणाऱ्याने कोणतीही 'अधिकृत' आवृत्ती वापरावी. ते लिहिणाऱ्यांना यातून जुन्यावर टिकून राहायची मुभा द्यायची होती. प्रकाशकाने स्वतःच्या प्रश्नोत्तरांत तसे छापलेही होते. पण अधिकृत म्हणजे काय आणि ते ठरवायचे कुणी, हे कागदात कुठेच नव्हते. तेवीस वर्षांनी वकिलांनी त्या एका शब्दाला दोर बांधला आणि आख्खा कागद ओढला. याहून झोंबणारी गोष्ट पुढे आहे. नव्या मसुद्यात खेळ लिहिणाऱ्यांनी आपल्या लिखाणाचा वापर करण्याचा हक्क प्रकाशकाला द्यायचा होता, आणि तो हक्क कसा असावा? कायमचा आणि मागे न घेता येणारा. स्वतः देताना जे शब्द टाकायचे राहून गेले होते, ते घेताना त्यांना बरोबर आठवले.

इथे मोहर्लीहून आम्ही दीडेकशे किलोमीटर पूर्वेला जातो, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावी. ज्यांना हा विषयांतराचा प्रकार वाटेल, त्यांनी थोडा धीर धरावा.

गावाने जंगल वापरावे, याला आपल्या भागात निस्तार म्हणतात. सरपण, कुंपणाच्या काट्या, घराचे वासे, बांबू, चराई. मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली, निस्तार पत्रके तयार झाली, पण राखीव जंगलात गावाच्या वापराला सवलत म्हणायची सरकारी सवय तशीच राहिली. सवलत ही देणाऱ्याच्या मर्जीची असते. तोच बांबू कागद कारखान्याला करारावर जात होता आणि गावाला त्यातली एक काठी आणायची तर डोळा चुकवावा लागत होता. मेंढ्याच्या लोकांनी याच्याविरुद्ध वर्षानुवर्षे अभ्यास गट चालवले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावे त्या कामामुळे महाराष्ट्राला माहीत झाली. प्रत्येक निर्णय सर्वसहमतीने घ्यायचा, एकाचा जरी विरोध असला तरी थांबायचे, ही त्यांची रीत. २००६ चा वनहक्क कायदा आला आणि २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. गडचिरोलीचेच मर्दा हे गावही त्याच वेळचे. देशातले हे असे पहिले हक्क.

हक्काचा कागद हाती आला आणि गावाने बांबू विकायचे ठरवले. तेव्हा कळले की जंगल गावाचे, बांबू गावाचा, तोडायचा हक्कही गावाचा, पण तोडलेला बांबू गावाच्या शिवेबाहेर न्यायचा तर ट्रान्झिट पास लागतो. आपल्याकडे त्याला टीपी म्हणतात. टीपीचे पुस्तक वनखात्याच्या कपाटात होते. खात्याचे म्हणणे, बांबू हे झाड आहे, गौण वनोपज नव्हे. कायद्याच्या व्याख्येत बांबू गौण वनोपज म्हणून नाव घेऊन लिहिलेला असतानाही हे चालले. हक्क होता, रस्ता नव्हता. दोन वर्षे अशी गेली. मार्च २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्र्यांना पत्रे लिहून बांबूला गौण वनोपज मानण्यास सांगितले, आणि २७ एप्रिल २०११ रोजी ते आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले. त्या दिवशी टीपीचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती गेले. पुढे सप्टेंबर २०१२ मध्ये नियमच दुरुस्त झाले आणि वाहतुकीचा पास ग्रामसभेच्या समितीने द्यावा असे त्यात आले.

नवव्या कलमातला 'अधिकृत' हा शब्द म्हणजे त्या परवान्याचे टीपीचे पुस्तक होते. खेळ लिहिणाऱ्यांच्या हाती सगळे होते. फक्त पुढच्या गाडीला गेटबाहेर सोडायचे की नाही, ते ठरवणारे पुस्तक दुसऱ्याच्या टेबलावर उरले होते, आणि तेवीस वर्षे कुणी ते उघडले नाही म्हणून ते आहे हेच सगळे विसरले होते. हक्क मिळाला की आपण पेढे वाटतो. शिक्का कुणाजवळ राहिला, हे त्या दिवशी कुणी विचारत नाही. आमचे सगळे म्हणणे एवढ्याच एका गोष्टीभोवती आहे.

या सवलतीवर जगणे कसे असते, ते बघायला लांब जावे लागत नाही. मागच्या आठवड्यात आम्ही एका बुरडीण मावशीजवळ तासभर बसलो होतो. तिने ओला बांबू पायाच्या अंगठ्याखाली धरला, कोयत्याचा एक घाव पेराच्या बरोबर मधे दिला आणि बांबू सरळ रेषेत फाटत गेला. मग त्याच्या कामट्या. कामटीचा आतला पांढरा गर सोलून टाकायचा, वरची हिरवी पाठ तेवढी ठेवायची. सुपाच्या कडेला तीच लागते. बोटाने दाबून जाडी बघायची, मोजपट्टी नाही. हे सगळे बांबू ओला आहे तोवर. वाळला की तो वळत नाही, तडकतो. म्हणून बुरडाला बांबू वेळेवर लागतो. सवलतीच्या दराने बांबू मिळावा म्हणून नोंदणीचे कार्ड असते, ते तिने प्लास्टिकच्या पिशवीतून काढून दाखवले. घडीवर घडी पडून मधे फाटले होते. "कार्ड आहे ना जी," ती म्हणाली, "पण बांबू कवा येईन, ते कार्डावर कुठं लिवलं आहे?" लग्नसराईच्या तोंडावर सुपे आणि टोपल्या हव्या असतात. तेव्हा बांबू नसला तर नंतर आलेल्याचा तिला काही उपयोग नाही.

छोट्या प्रकाशकाचेही असेच असते. पुस्तक लिहायला वर्ष जाते, चित्रकाराला आगाऊ द्यावे लागतात, छापखान्याची तारीख घेतलेली असते. परवाना उद्या राहील की नाही हे ठाऊक नसले, तर आज पहिले पान लिहायचे कशाच्या भरवशावर?

आपल्याकडच्या कायद्याला हा प्रश्न नवीन नाही. १८८२ चा सुविधाधिकार कायदा पहा. परवाना म्हणजे काय, हे त्यात सांगितले आहे आणि साठाव्या कलमात परवाना देणाऱ्याला तो परत घेता येतो असेही म्हटले आहे. मात्र लगेच अपवाद आहे: परवान्यावर विसंबून घेणाऱ्याने कायम स्वरूपाचे काम केले असेल आणि त्यासाठी खर्च केला असेल, तर तो परत घेता येत नाही. कायदा जमिनीच्या वापरापुरता आहे, पुस्तकाला किंवा खेळाला तो जसाच्या तसा लागू होत नाही. पण त्यामागची न्यायबुद्धी कुणालाही पटावी. मी तुला विहीर खणू दिली, तू खणलीस, पाणी लागले, आणि मग मी म्हणालो की चल, उठ. हे चालणार नाही, असे तो कायदा सांगतो. हा कायदा सुरुवातीला ज्या तीन प्रांतांना लागू झाला, त्यांत मध्य प्रांत होता, म्हणजे आपला चांदा जिल्हा होता. मुंबई इलाख्याला तो लागू व्हायला १८९१ साल उजाडले. या बाबतीत चांदा मुंबईच्या नऊ वर्षे पुढे होता.

प्रकाशकाची बाजूही ऐकली पाहिजे. आपण वाढवलेल्या नावावर दुसऱ्या मोठ्या कंपन्या फुकट कमावतील, कुणी द्वेष पसरवणारे साहित्य आपल्या नियमांवर काढील, ही भीती त्यांनी बोलून दाखवली. ती खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. लेखकाला, प्रकाशकाला त्याच्या कष्टाचे मोल मिळालेच पाहिजे. याच साप्ताहिकातून आम्ही पुस्तकांच्या चोरट्या प्रतींविरुद्ध अनेकदा लिहिले आहे. नवी आवृत्ती काढा, तिला हवी ती किंमत लावा, ती कुणालाही वापरू देऊ नका. तो तुमचा अधिकार आहे. पण जे दिले, ज्यावर दुसऱ्याने घर बांधले, त्याच्या पायाखालून हात घालू नका. जंगलाचेही तेच. गावाच्या हाती दिले तर जंगल राहील का, ही काळजी वनखात्यातल्या चांगल्या माणसांनाही वाटत होती. मेंढ्याने तोडीचे नियम स्वतः केले आणि पाळले. आपल्याच जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने २०१२ मध्ये सुमारे एक हजार हेक्टरवर हक्क मिळवला, बांबूचा लिलाव ग्रामसभेने केला, आणि जंगलाचा एक तुकडा अजिबात न तोडता राखायचा असेही त्याच गावाने ठरवले.

मसुदा फुटल्यावर पुढे काय झाले, ते थोडक्यात सांगतो. खेळणाऱ्यांनी प्रकाशकाच्या संकेतस्थळाची वर्गणी बंद करायला सुरुवात केली. १२ जानेवारीला पायझोने जाहीर केले की आम्ही असा खुला परवाना बनवू जो कोणत्याही एका प्रकाशकाच्या मालकीचा नसेल. ओआरसी नावाचा तो परवाना जूनमध्ये तयार झाला. कोबोल्ड प्रेसने स्वतःचे नियम लिहायला घेतले. विझार्ड्सने १९ जानेवारीला दुसरा, मवाळ मसुदा काढून लोकांची मते मागवली. १५ हजारांहून अधिक उत्तरे आली. त्यांतल्या ८८ टक्के लोकांनी सांगितले की या परवान्याखाली आम्ही काही छापणार नाही. जुना परवाना रद्द करण्यावर ८९ टक्के नाराज होते. मते द्यायला अजून आठवडा बाकी असतानाच, २७ जानेवारी २०२३ रोजी प्रकाशकाने माघार घेतली. जुना परवाना जसाच्या तसा राहील असे सांगितले आणि त्याच दिवशी पाचव्या आवृत्तीचे सुमारे ४०० पानांचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ४.० परवान्याखाली खुले केले. हा परवाना प्रकाशकाने लिहिलेला नाही, त्याच्या नव्या आवृत्त्या काढणेही त्याच्या हातात नाही, आणि 'मागे न घेता येणारा' हे शब्द त्यात पहिल्यापासून आहेत. नागपूरच्या मुलाचे 'आता नक्की' ते हे. टीपीचे पुस्तक त्या दिवशी टेबलावरून उचलले गेले.

याच्या दोन दिवस आधी, २५ जानेवारी २०२३ च्या संध्याकाळी, पद्म पुरस्कारांची यादी आली होती आणि त्यात गडचिरोलीचे परशुराम खुणे यांचे नाव होते. झाडीपट्टीच्या रंगभूमीवर आयुष्यभर लोकांना हसवणारा कलावंत पद्मश्री झाला म्हणून आपण सगळे आनंदलो. एकाच आठवड्यातल्या या दोन बातम्या आमच्या डोक्यात तेव्हापासून शेजारी शेजारी आहेत. दंडारीला, खडीगंमतीला कुणी परवाना लिहून दिला नव्हता आणि म्हणून तो कुणाला परत घेताही आला नाही. खुणे यांच्यासारखी माणसे त्या मोकळ्या साच्यात तयार झाली. आजच्या काळात सगळ्याच गोष्टींना मालक असतो, तेव्हा तो मोकळेपणा कागदावर आणावा लागतो. कागद नीट लिहिला तरच दंडारीइतका टिकेल.

हे खेळापुरते आहे असे ज्यांना वाटते, त्यांना आमच्या घरची गोष्ट सांगतो. या साप्ताहिकाची अनेक वर्षांची पाने आम्ही एका विकत घेतलेल्या मराठी फॉण्टात जुळवली. त्या फॉण्टाची एक किल्ली असे, संगणकाच्या मागे खोचायची. एके दिवशी ती बिघडली. बदलून देणारे कुणी उरले नव्हते. आणि आम्हीच लिहिलेले, आम्हीच जुळवलेले अंक आमच्याच संगणकावर उघडले की चौकोन आणि प्रश्नचिन्हे दिसू लागली. छापील प्रती जपल्या होत्या म्हणून निभावले. त्यातल्या काहींना वाळवी लागली होती. त्यानंतर आम्ही खुल्या परवान्याची अक्षरे धरली. मुंबईच्या एक टाइपने केलेला 'मुक्ता' हा फॉण्ट आज कुणीही फुकट उतरवून वापरू शकतो, त्यात बदल करू शकतो. शाळेच्या अंकापासून पाट्यांपर्यंत तो सगळीकडे दिसतो. २००३ पासून चालत आलेला मराठी विकिपीडिया अशाच खुल्या परवान्यावर उभा आहे. मराठीचे किती घर आता अशा कागदांवर आहे, याची आपल्याला पुरती जाणीव नाही.

म्हणून मराठीत जे कुणी काही खुले करत आहेत, पाठ्यपुस्तके असोत, शब्दकोश असोत, बोलीभाषेच्या ध्वनिफिती असोत, झाडीपट्टीच्या नाटकांच्या संहिता असोत, त्यांच्यापुढे आमचे मागणे आहे. मन मोठे करून 'कुणीही वापरावे' एवढे एकच वाक्य लिहू नका. कोणता परवाना, त्याची कितवी आवृत्ती, हे लिहा. परवाना मागे घेता येणार नाही असे त्यात आहे का, ते वाचून बघा. स्वतःचा परवाना घडवायच्या फंदात पडू नका. जो परवाना तुमच्याही हातात नाही, तोच निवडा. तुमच्या नंतर संस्थेत कोण येईल, ती कोण विकत घेईल, हे तुम्हाला आज सांगता येणार नाही. डॅन्सींनाही सांगता आले नव्हते. त्यांनी स्वतः तेव्हा सांगितले की परवाना मागे घेता यावा असा आमचा हेतूच नव्हता. हेतू त्यांच्यापाशी राहिला, कागदावर उतरला नाही.

आणि आपल्या गावांना. चंद्रपूर-गडचिरोलीत सामूहिक वनहक्काचे दावे मंजूर झालेली गावे आज शेकड्यांनी आहेत. दाव्याची प्रत बहुतेक ठिकाणी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर काच लावून टांगलेली दिसते. ती टांगलेली राहू द्या. पण काल ज्यांच्या ग्रामसभेत गणपूर्ती झाली नाही, त्यांची सभा आता पुन्हा बसेल. त्या सभेत एक विषय वाढवा: वाहतुकीच्या पासाचे पुस्तक आपल्या समितीकडे आहे का, त्यावर सही कुणाची चालते, आणि मागच्या हंगामात त्यातली किती पाने फाटली. पुस्तक गावात नसेल तर ठराव करून ते मागा. २०१२ चा नियम तुमच्या बाजूचा आहे. मोहफुलांना अजून दोन महिने आहेत, तेंदूच्या हंगामाला त्याहून थोडे जास्त. वेळ आहे.

ओसरीवरची मुले आज सकाळी नागपूरला निघाली. जाण्याआधी सूत्रधाराने वहीची चार पाने आम्हाला ठेवून दिली, पुढच्या अंकात छापा म्हणाला. पैसे नकोत, फक्त नाव घाला आणि खाली परवान्याची ओळ जशीच्या तशी राहू द्या. ती आम्ही राहू देऊ.